एक ट्रंक, एक खुंटी

चिंचपोकळी स्टेशनात उतरून लालबागच्या दिशेने चालत निघालं की सात-आठ मिनिटांत कोकणातल्या आमच्या वाडीची खोली येते. वाडीची म्हणायचं, कारण ती कुणा एकाची नाही. भाडेपावतीवर मात्र एकाचंच नाव आहे, आणि तो माणूस जाऊन आता तीस वर्षं होतील. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. विकासकाच्या माणसाने दिलेल्या फॉर्मवर ‘भाडेकरूचे नाव’ असा एक रकाना आहे, एका ओळीचा. त्या ओळीत काय लिहायचं यावरून वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाच्या पाच सभा आठ महिन्यांत झाल्या. चौथ्या सभेत कुणीतरी म्हणालं, जुनं दप्तर वाचून बघा, त्यात काहीतरी सापडेल. ‘ती बँकेत आहे ना, तिला द्या.’ बँकेत असण्याचा आणि जुनं दप्तर वाचता येण्याचा संबंध काय, हे विचारायच्या आत पत्र्याची ट्रंक रिक्षातून माझ्या डोंबिवलीच्या घरी पोचलीसुद्धा.

ट्रंकेत सहा वह्या निघाल्या, जाड पुठ्ठ्याच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. सुतळीत ओवलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा. आणि सगळ्यात खाली नमन या आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या संकासुराची उंच टोपी, कुणीतरी बसल्यासारखी चेपलेली. पहिली वही १९३८ची, मोडीत. आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना मोडी येते. त्यांनी दोन संध्याकाळी खर्ची घालून मला ती वाचून दाखवली. दुसऱ्या वहीपासून बाळबोध अक्षर सुरू होतं, आणि अधूनमधून सहीच्या जागी अंगठे.

पहिल्या वहीतला पहिला नियम ट्रंकेचा आहे. माणशी एक ट्रंक आणि एक खुंटी. ट्रंक भिंतीला लावून ठेवायची, तिची लांबीरुंदीसुद्धा ठरवून दिलेली. दुसरा नियम, रात्रपाळी करून आलेला माणूस निजला असेल तर खोलीत मोठ्याने बोलायचं नाही; बोलल्यास एक आणा दंड. गावाहून आलेल्या पाहुण्याला आठ दिवस फुकट, नवव्या दिवसापासून वर्गणी. खोलीत मयत झालं तर अंत्यविधीचा खर्च फंडातून, आणि घरी तार करायची ती चिटणीसाने.

खोली दहा बाय बाराची. एक मोरी, वर लाकडी पोटमाळा. १९५०च्या पटावर तेवीस नावं आहेत. लहानपणी मला हे गणित सुटायचं नाही. आजोबा सांगायचे, तेवीसजण एका वेळी खोलीत असायचेच कधी? आठजण गिरणीत, आठ झोपलेले, बाकीचे गॅलरीत. गिरणीचा भोंगा झाला की एकाने वळकटी गुंडाळायची आणि दुसऱ्याने सोडायची. आजोबांची खुंटी दारापासून चौथी. ती अजून आहे.

मुंबईचा इतिहास सांगताना आपण कावसजी दावरांपासून सुरुवात करतो. १८५४ साली त्यांनी कापड गिरणीसाठी कंपनी काढली, दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली, मग एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. ते खरंच आहे. पण त्या चिमण्यांखाली उभी राहिलेली माणसं आली कुठून आणि निजली कुठे, हा निम्मा इतिहास दोन-चार ओळींत उरकला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या दर पाच माणसांतली चार मुंबईबाहेर जन्मलेली होती, आणि बाहेरच्यांत आमचा रत्नागिरी जिल्हा आघाडीवर. १९२१च्या शिरगणतीत शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजी आठवली. ती जन्मात दोनदा मुंबईला आली. एकदा केईएममध्ये ऑपरेशनसाठी, आणि एकदा माझ्या वडिलांच्या लग्नाचा बस्ता बांधायला. बाकीची चाळीस वर्षं ती संगमेश्वर तालुक्यातल्या त्या डोंगरउतारावर भात लावत होती आणि मनीऑर्डरच्या पावत्या देवघराच्या फळीवर साठवत होती. गिरणीचा पगार एका माणसाचा होता, त्यात कुटुंब मुंबईला आणून पोसता येत नव्हतं. गावची शेती आणि आजीचे कष्ट नसते तर त्या पगारात आजोबाही जगले नसते. आजोबा घर चालवायचे असं आम्ही म्हणत आलो, पण गिरणी चालवण्यात आजीचाही वाटा होता म्हणायचा.

आजोबा आले १९४६च्या आसपास. जयगडहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर, डोक्यावर वळकटी, खिशात मंडळाच्या चिटणिसाचा पत्ता. नोकरी लावणारा जॉबर वाडीतलाच, नात्याने चुलता. तेव्हा गिरणीत माणूस भरायचा म्हणजे जॉबरने आपला माणूस आणायचा. त्यामुळे वाडी, खोली आणि खातं या तिन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या. कामावर चुलता, झोपायला त्याच्याच शेजारी, आणि पगारातून त्याला खूश ठेवायचं तेही ओघाने आलंच. या सगळ्याला आपण आपुलकी म्हणतो. आजोबा हसून म्हणायचे, ‘आपुलकीचा हप्ता दर पगाराला.’

ते साचेखात्यात, म्हणजे विणाईत होते. मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते बोटाने निघत नाही. धोटा तोंडाला लावून श्वास आत ओढायचा, टोक ओठावर येतं. आजोबा हे आम्हाला दुधाच्या नळीने करून दाखवायचे. ‘चुप्प’ असा आवाज काढायचे, आणि पाठोपाठ दोन मिनिटं खोकायचे. आम्हा पोरांना तो आवाज फार आवडायचा. दिवसाला किती वेळा, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, मोजायला कोण बसलंय.

याच धोट्यापायी त्या खात्याचं दार काही माणसांना बंद होतं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणाईत, म्हणजे जिथे पगार बरा होता तिथे, सवर्ण कामगार येऊ देत नसत. पिण्याच्या पाण्याचंही तेच. १९२८च्या मोठ्या संपाच्या दिवसांत बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं काढली होती; गिरणगाव त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आमच्या सहा वह्यांत मी या गोष्टीची एखादी ओळ शोधत होते. नाही. आमच्या गावाच्या बौद्धवाडीतली माणसंही त्याच बोटीने आली, त्याच गिरणगावात राहिली; त्यांची खोली वेगळी, मंडळ वेगळं, सभाही वेगळी. १९५६नंतर त्यांच्या मंडळाचं नावसुद्धा बदललं, हे मला त्यांच्यातल्या एका बँकेतल्या सहकाऱ्याकडून कळलं. म्हणजे गाव मुंबईत आलं ते वाड्यांसकट आलं, मधल्या पाणंदींसकट. आमच्या वह्यांत ‘गाव’ हा शब्द पानोपानी आहे, आणि त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी आमची वाडी एवढाच आहे. हे लक्षात यायला मला तिसरी वही उजाडली. आजोबांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सगळ्या सभा रविवारच्या. मंडळाची सभा रविवारी नाही तर कधी असणार? पण हा रविवारही आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याची एक सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, हे त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. ती सुट्टी मिळाली नसती तर मुंबईतली निम्मी मंडळं जन्मालाच आली नसती असं मला वाटतं. भजनी मंडळ, तालीम, शक्ती-तुऱ्याचा फड, वाडीची सभा, या सगळ्याला आधी एक मोकळी दुपार लागते.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

गावी मे महिन्यात आमच्याकडे वार्षिक पूजा असते. सत्यनारायण, महाप्रसाद, हळदीकुंकू, रात्री नमन. सगळे चाकरमानी त्यासाठी गावाला जातात, गाड्या आधीपासून बुक होतात. आपल्या पूर्वजांपासून चालत आलेली पूजा, असं पत्रिकेवर दरवर्षी छापतात. मीही तेच धरून चालले होते. तिसऱ्या वहीत १९५७ची एक सभा आहे. तिथे ही पूजा ठरली आहे. ‘सुरू करावी’ असं स्पष्ट लिहिलंय. कारणही दिलंय: मंडळींना आता भरपगारी रजा मिळते, ती बहुतेकजण मे महिन्यात घेतात, तर सर्वांनी एकत्र जमावं असं एखादं कार्य असावं. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पगारी रजा आली, वीस दिवस कामाला एक दिवस. ती रजा आली म्हणून पूजा आली. आमची ‘पूर्वापार’ परंपरा फॅक्टरी कायद्याच्या पोटी जन्मली आहे, आणि तिचं वय माझ्या आत्येपेक्षा दोन वर्षांनी कमी आहे.

वाचल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले. मग पुढची पानं वेगळ्या नजरेने वाचायला लागले. गावच्या देवळाला कौलं गेली आणि पत्रा आला, तो ठराव लालबागला झाला. शाळेच्या दोन खोल्या, विहिरीचा कठडा, पाणंदीवरची फरशी, सगळ्याचे ठराव लालबागचे. गावात कारभार मानकऱ्यांचा, घराण्याने चालत आलेला. मुंबईत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, दर दोन वर्षांनी हात वर करून निवडलेले. ही दोन राज्यं पूजेच्या दिवशी देवळात समोरासमोर आली. नारळ पहिला कुणाचा? गावच्या मानकऱ्याचा, की पैसे उभे करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचा? या एका नारळावर तीन सभा खर्ची पडल्यात. शेवटी ठरलं, पहिला मान मानकऱ्याचा, दुसरा मंडळाचा, आणि दोन्ही नारळांचा खर्च मंडळाच्या फंडातून. आजही तसंच चालतं. गुरव दोन्ही नारळ एका दमात फोडतो, कुणाला काही कळत नाही.

गाव मुंबईला आलं, असं सगळे म्हणतात. वह्या वाचून माझं मत झालंय की आमचं आजचं गाव बऱ्याच अंशी मुंबईतच तयार झालं आणि मे महिन्याच्या एसटीत घालून कोकणात नेलं गेलं. नमनाचंसुद्धा तेच. गावात ते शिमग्यात अंगणात व्हायचं. परळच्या दामोदर हॉलमध्ये व्हायला लागलं तेव्हा त्याला तिकीट आलं, माईक आला, वेळेचं बंधन आलं. रात्रभर चालणारा खेळ अडीच-तीन तासांवर आला. मग तोच अडीच तासांचा खेळ गावाला परत गेला, आणि आता गावातली म्हातारीही ‘हॉलसारखं झालं पाहिजे’ म्हणते. काही जाणकारांना यात भेसळ दिसते. मला तसं वाटत नाही. संकासुराची ती टोपी पुठ्ठ्याची आहे, आत शिवलेलं अस्तर गिरणीच्या कापडाचं. त्याहून अस्सल ती कशी असणार होती?

वह्यांत बायका नाहीत. एकच आहे, तिलाही नाव नाही. ‘खाणावळवाली बाई’. घाटावरची, शेजारच्या चाळीत राहायची, नवरा आजारी. वाडीतले चौदा-पंधराजण तिच्याकडे महिन्याच्या उधारीवर जेवायचे. पगार झाला की पैसे, तोवर पीठ, तेल, रॉकेल तिने कुठूनही उभं करायचं, बहुधा सावकाराकडून. गिरणगावातल्या अशा बायकांना सावकारातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमची बाई तिथवर पोचली का, कुणास ठाऊक. वहीत ती फक्त ‘देणे’ या सदरात दिसते. जेवणावरून एक तक्रारही आहे: रविवारी बोंबील कमी वाढते. तेवीस माणसांचं पोट ज्या हातांवर होतं त्या हातांचं नाव लिहावं असं एकाही चिटणिसाला वाटलं नाही, आणि माझे आजोबा चार वर्षं चिटणीस होते.

१८ जानेवारी १९८२. संप सुरू झाला त्या महिन्याच्या सभेला एकेचाळीस सह्या आहेत, तोवरच्या सगळ्यांत जास्त. अक्षरात उत्साह दिसतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत निकाल लावतील याबद्दल कुणाला शंका नव्हती. मार्चमध्ये संपकऱ्यांना वर्गणी माफ. जूनमध्ये भातलावणीला जे गावाला जातील त्यांची खुंटी राखून ठेवावी असा ठराव. ऑक्टोबरमध्ये सव्वीस सह्या. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये नऊ. खाणावळवालीचं थकलेलं देणं फंडातून निम्मं तरी फेडावं, यावर त्या नऊजणांत वाद झाला आणि ‘पुढील सभेत विचार करावा’ असं लिहून पान संपतं. पुढली सभा आहे १९८९ची. संप कुणी मागे घेतल्याचं जाहीर केलं नाही, तसा आमच्या वहीतही त्याचा शेवट नाही. सहा वर्षं कोरी, आणि मग बॉलपेनातलं नवं अक्षर, ज्यात हजर सभासदांचे पत्ते नालासोपारा, दिवा, बदलापूर.

आजोबा तेव्हाच गावाला गेले ते परत आले नाहीत. वडिलांना बेस्टमध्ये नोकरी होती म्हणून आम्ही तगलो. सगळे तगले नाहीत. ज्यांच्या घरी काय झालं ते मला माहीत आहे त्यांची पोरं आज सभेला येतात, म्हणून तो विषय इथेच सोडते.

खोली मात्र मंडळाने सोडली नाही. ती सोडण्यात अर्थच नव्हता. १९४७च्या भाडेकायद्याने भाडं १९४०च्या पातळीवर गोठवून टाकलं होतं, आणि सुतळीतल्या पावत्या पाहिल्या तर दशकामागून दशकं आकडा जवळपास तोच. मालकाला परवडत नव्हतं म्हणून त्याने चाळीला हात लावला नाही, आणि आम्हाला परवडत होतं म्हणून आम्हीही खोली धरून ठेवली. दोघांनी मिळून जिना कुजवला. आता तीच खोली लाखांत, कदाचित कोटीत जाईल. पावतीवर ज्यांचं नाव आहे त्यांचा नातू म्हणतो, कायद्याने वारस मी. मंडळ म्हणतं, तुझ्या आजोबांचं नाव घातलं ते त्यांना तेव्हा सही करता येत होती म्हणून. हे मात्र वहीत सापडलं. १९४१ची सभा: पावती कुणाच्या नावे घ्यावी, तर ज्यास सही येते त्याच्या. आणि खाली लिहिलंय, खोली वाडीची. विकासकाच्या वकिलाला हे दाखवलं. त्याने मोडीतलं पान उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि विचारलं, ‘हे रजिस्टर्ड आहे का?’

पाचवी सभा गेल्या महिन्यात खोलीतच झाली. सतरंजी अंथरली, बावीसजण दाटीवाटीने बसलो. बाई मी एकटी. तो नातूही आला होता, त्याला दाराजवळ जागा दिली आणि चहा आधी त्याला. सध्या खोलीत चौघेजण राहतात. एक पोलीस भरतीची तयारी करतोय, एक पार्सल पोचवतो, एक सिक्युरिटीत आहे, आणि एक काका टाटा हॉस्पिटलच्या तारखांसाठी आलेत, त्यांचे आठ दिवस कधीच उलटून गेलेत, कुणी वर्गणी मागितलेली नाही. सिक्युरिटीतला मुलगा रात्रपाळी करून आलेला, पोटमाळ्यावर झोपला होता. त्याचा एक पाय खाली लोंबत होता. सभा तापली. नातू उठून उभा राहिला, दोघांनी त्याला बसवलं. पण अख्खं भांडण दबक्या आवाजात चाललं होतं. शिव्यासुद्धा कुजबुजत. १९३८चा दंडाचा नियम त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हता.

मी तेवढ्यात खुंट्या मोजल्या. एकोणीस.

काही ठरलं नाही. इतिवृत्त माझ्याकडे दिलं होतं, मी ‘पुढील सभा रविवारी’ असं लिहून तारखेसाठी मान वर केली. एवढ्यात पोटमाळ्यावरचा मुलगा उठला, लोकांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत खाली उतरला, आणि चौथ्या खुंटीवरचा युनिफॉर्मचा शर्ट काढून अंगात घालू लागला.

‘काय ठरलं काका?’

‘पुढच्या रविवारी बघू.’

‘मला रविवारी नाय जमायचं. सुट्टी गुरुवारची असते.’

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘रविवारी’ खोडलं, आणि गुरुवारी इतरांचं कसं जमणार यावर नवीन चर्चा सुरू झाली. आता मोठ्या आवाजात.